तारक्का आणि तिसरी सुई

जमलेल्या समद्यांनो, पोरींनो, पावण्यांनो, मला चार शब्द बोला म्हणालासा. उभं ऱ्हायचं बळ गुडघ्यात न्हाय, बसूनच बोलते. आन बोलायचं तरी काय? तिसऱ्या मजल्यावर माझ्या दारासमोर जिचं दार हुतं, ती तारक्का गेली.

आत्ताच कुणीतरी म्हणालं, "आजी किती समाधानी! एका जागी बसून विणत असायच्या." अगं बाई, ती जाणार कुठं हुती? ह्या बिल्डिंगीला लिफ्ट न्हाय. तिचं गुडघं गेल्यालं, माझंबी गेल्यालं. विलासनं उचगावचं घर विकून आईला फ्लॅटात आणलं. लेकानं चांगलंच बघितलं. पण उचगावात ती उंबऱ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची. हितं हाक मारायला मी एकटी. माझं तोंड बघून तिला वीट आलता, तिचं बघून मला.

म्हणून विणकाम. दुपारी सुया-लोकर घिऊन माझ्याकडं यायची. नक्षी तर कसली! वेणीवाणी पीळ, साबुदाण्यावाणी दाणं. पिळाला तिसरी सुई लागती, थोडं टाकं तिच्यावर अडकवून ठेवायला. ती सुई निसटायची, आन थेट कॉटखाली. वाकायचं कुणी? माझी सून कामावरनं येईस्तोवर दोघी कॉटखाली बघत बसायचो.

एक दिवस म्हणाली, "इंदे, मरू दे ती सुई. हे बघ. दुसरा टाका आधी वीण, मग पहिला, आन दोन्ही संगंच सोड. पडला का न्हाय पीळ?"

"ह्यो पीळ? उंदराची शेपटी हाय ही."

"तुझ्या वेणीपरीस जाड हाय की!"

दाण्यांचंबी तसंच. कुठल्या ओळीला सुलट, कुठल्या ओळीला उलट, ध्यानात ऱ्हाईना. तिनं सुईवर एक टाका जादा घेतला, टाकं विषम केलं. म्हणाली, आता कुठलीबी ओळ सुलट टाक्यानं सुरू कर, मग एक उलट, एक सुलट. दाणं आपसूक पडत्यात. पडलं की!

समद्याला सोपी तऱ्हा काढली बाईनं. जिन्यालाबी काढली हुती. ते हितं कुणी बोललं न्हाय. खाली वॉचमनची खोली हाय. वॉचमन काम सोडून गेल्यापासनं तिथं गणपतीचं मखर ठेवलंय. मोरी हाय, नळ हाय, दार रस्त्याकडं उघडतंय. ती आम्हा दोघींना द्या, एवढंच तिचं म्हणणं. विलासा, तुला बोलली का न्हाय? तू म्हणालास, बघू. माझा लेक म्हणाला, बघू. सोसायटीवालं म्हणालं, मीटिंगमधी बघू. गणपती झालं की बघू. दिवाळी झाली की बघू. बघितलं का कुणी? मखर खाली ऱ्हायलं, आम्ही वर.

गेली तवा मातूर तिला खाली आणायला चौघं लगीच मिळालं. आज मलाबी खुर्चीसकट उचलून खाली आणलंसा.

तारक्के, नमस्कार गं बाई.

आता समद्यांनी तिच्यासाठी जरा गप उभं ऱ्हावा. चुळबुळ नको, मोबाइल नको. झालं की त्या खोलीची किल्ली आणा. माझ्या खुर्चीला हात लावू नका. मी वर जाणार न्हाय.