हार्टचं घराणं

हसायचं तर हसा, पण पुतणीची सोयरीक म्हटली की मी अजून कानकोंडा होतो.

मी नांदेडला दवाखान्यात वारलेल्या पेशंटच्या फायलींवर मरणाच्या कारणाचे कोड टाकतो. पुतणीला बघायला आलेला मुलगा मुखेडचा. पाहुणे पोहे खात होते अन् मी मोठ्या ऐटीत बोललो, "वाईट वाटून घेऊ नका, पण मुलाचे वडील अन् चुलते दोघंही आमच्याच दवाखान्यात हार्टनं गेले. रेकॉर्डच हाय तसं. घराण्यात दोष दिसतोय."

मुलाच्या आईनं हातातली बशी खाली ठेवली. "भाऊ, ह्यांना साप चावला होता. भावजी काविळीनं गेले."

"फायलीत तसं न्हाई."

"मरताना हार्ट बंद पडतंच की हो. साप कुठं गेला?"

साप वरच्या ओळीत होता. शेवटच्या ओळीत डॉक्टर 'कार्डियाक अरेस्ट' लिहितात. मी घाईत तेवढीच ओळ वाचतो अन् तोच कोड ठोकतो.

तेवढ्यात पुतणीनं सगळ्यांसमोर विचारलं, "काका, त्या फायलींवर कोड टाकतं कोण?"

मी पोह्यांवर लिंबू पिळत राहिलो. त्यातला रस कधीच संपला होता.