साडूंनी क्वाड घेतली, मला काय त्याचं!

...आणि वर मलाच विचारतात, "साडूभाऊ, रंग कसा वाटला?" आता काय बोलायचं! रविवारची दुपार, माणूस जेवून जरा लवंडलाय, डोळा लागतोय न लागतोय, तोच खाली पों पों पों! खिडकीतून डोकावतो तर आमचे साडू. म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. मोटारीमागे ट्रॉली जोडलेली, ट्रॉलीवर पट्ट्यांनी आवळून बांधलेली ती लालभडक... काय म्हणायचं तिला? मोटारसायकल म्हणावी तर चाकं चार, मोटार म्हणावी तर ना छप्पर ना दार. क्वाड म्हणे! स्पोर्ट क्वाड! शर्यतीची! आता मला सांगा, ह्या माणसाची शर्यत कोणाशी? पाणीपट्टीच्या ऑफिसात टेबलामागे बसतो, जिना चढताना मध्ये थांबून कठड्याची चौकशी करतो... पण मला काय त्याचं! ज्याची त्याची हौस.

मी काहीतरी टोमणा मारणार, तेवढ्यात माझ्या खांद्यावरून आमच्या हिचा आवाज आला. "अगंबाई!" बस, एवढंच. पण तुम्हाला सांगतो, तो अगंबाई मी ओळखला! आमचं लग्न झालं तेव्हा मला मिळायचा तो. मी हात सोडून सायकल चालवली, अगंबाई. मी स्टुलावर चढून पंखा पुसला, अगंबाई. मग हळूहळू त्याचं "बरं" झालं, "बरं"चं "हं" झालं, आणि हल्ली तर मी काही करून दाखवलं की ही म्हणते, "सरका जरा." आणि तो इतकी वर्षं ठेवणीत ठेवलेला अगंबाई तिनं उचलला आणि साडूंच्या गाडीला देऊन टाकला! फुकट!

आमच्या घरामागे वाळूची खाण आहे, बंद पडलेली, आणि तिच्या पलीकडे साडूंचं घर. मोकळी जागा, खड्डे, उंचवटे, कोणी विचारत नाही. तिथे साडूंनी प्रात्यक्षिक दाखवलं. आणि काय हो, चष्मा काढून! मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो, ह्या माणसाचा नंबर मला पाठ आहे. त्याला समोरची म्हैस आणि समोरची बहीण यातला फरक आवाजावरून कळतो. पण चष्म्यात रुबाब दिसत नाही ना! काढला, खिशात घातला, अंगठ्यानं ते ॲक्सिलरेटर दाबलं... हो, ह्या गाडीत मूठ पिळायची नसते, अंगठ्यानं खटका दाबायचा असतो... आणि घूंऽऽऽ करून धूळ उडवत गेले. आमची ही टाळ्या वाजवतेय. माझी मेहुणी तर असं बघतेय, जसा काही नवरा नवीनच आणलाय. मी? मी डोळ्यात वाळू गेली म्हणून घरी आलो. मला काय त्याचं!

आणि दुसऱ्या दिवशी दुकानाला सुट्टी टाकून क्वाडच्या शोरूममध्ये गेलो.

हसू नका. मी चांगला शहाणा माणूस आहे. दिवसभर गिऱ्हाइकांना सांगत असतो, "बाई, मैत्रिणीला शोभते म्हणून ती फ्रेम घेऊ नका, नाक तुमचं वेगळंय." पण डोळे तपासणाऱ्याचे डोळे कोण तपासणार?

शोरूमच्या मालकीणबाई म्हणजे एक प्रकरण होतं. बाहीला ग्रीस, कानामागे पेन्सिल, आणि आवाज असा की गिऱ्हाइकानं न सांगता पाठ सरळ करावी. मला म्हणाल्या, "पहिलीच का?" म्हटलं पहिलीच. "कुठे चालवणार?" म्हटलं, साडू चालवतात तिथेच. "उंची किती तुमची?" म्हटलं, साडूंपेक्षा थोडी जास्तच. "याआधी गियरची गाडी चालवलीय?" म्हटलं, साडूंनी कुठे चालवलीय! "बरं, केवढ्या इंजिनाची बघायची?" म्हटलं, त्यांची साडेचारशे सीसीची आहे, त्याच्यावरची काढा. बाईंनी कानामागची पेन्सिल काढली, माझ्याकडे रोखली आणि म्हणाल्या, "गाडीवर तुम्ही बसणार, का साडूंना बसवायचंय?"

मी म्हटलं, "तशी काही ईर्ष्या नाही हो, सहज." तर म्हणतात, "सहज येणारे अडीचशे विचारतात. साडेचारशेवरची विचारतो त्याच्या घरात कोणीतरी आधी घेतलेली असते." घ्या! म्हणजे मी एकटा नाही! अख्ख्या दुनियेत क्वाड विकली जाते ती साडूंच्या जिवावर!

पण मी हट्टाला पेटलो. मोठीच दाखवा! काळी होती, साडूंच्या लालपेक्षा रुंद, चाकांवर अशी नखं. बाई म्हणाल्या, बसा. बसलो. "हँडल पूर्ण डावीकडे वळवा." वळवलं, तर उजवा हात मुठीवरून सुटला! "पूर्ण वळवल्यावर बाहेरचा हात पोचत नाही, म्हणजे ही गाडी तुमच्या अंगाची नाही." मी म्हटलं, हात जरा ताणला की पोचतो. तेव्हा त्यांनी मला मागच्या आवारात नेलं, गाडीला अडकवलेल्या एका वेटोळ्या दोरीचं टोक माझ्या मनगटाला बांधलं आणि म्हणाल्या, "ही दोरी सुटली की इंजिन बंद पडतं. आणि पाय खाली टेकवायचा नाही, दुचाकीची सवय असते माणसाला, मग मागचं चाक स्वतःच्याच पायावर चढतं. आता क्लच सोडता सोडता अंगठा दाबा. हळू." मी हळूच दाबला हो! देवाशपथ हळूच! पण गाडीची हळूची कल्पना वेगळी होती. गाडी गेली. मी राहिलो. म्हणजे मी मागच्या मागे टायरच्या चळतीवर जाऊन बसलो, दोरी सुटली, गाडी चार हात पुढे जाऊन गप्प उभी. बाई शांतपणे म्हणतात, "निळी दाखवू?"

निळी म्हणजे लहान. अडीचशेची, क्लच नाही, मागे घ्यायचा गियर आहे, आणि हँडलखाली एक स्क्रू... तो पिळला की अंगठा कितीही दाबा, गाडी ठरावीक वेगाच्या पुढे जात नाही! "शिकाल तसा सैल करा," म्हणाल्या. माझा जीव तुटत होता हो. साडूंच्या घरी वाघीण आणि माझ्या घरी ही शेळी? पण बसलो, हँडल वळवलं, दोन्ही हात पोचले, गुडघे अवघडले नाहीत... आणि कंबर म्हणाली, घ्या आता, पुरे.

घरी आणली. ही बाहेर आली, तिनं प्रदक्षिणा घातली, आणि म्हणाली काय? "अहो, ही मोठी होणारेय का अजून?"

साडू आले बघायला. पोट धरून हसले! "साडूभाऊ, हिला रात्री दूध देता का?" मेहुणी म्हणते, "असू दे हो, भाऊजींना झेपेल अशीच घेतली त्यांनी." झेपेल! हा शब्द मला त्या टायरपेक्षा जास्त लागला. पण मी हसलो. म्हटलं, हसा. मला काय त्याचं!

आणि मग मी लागलो कामाला. रोज दुकान सुटलं की खाणीत. माझ्या नंबरच्या काचा घालून गॉगल बनवून घेतला, जाड हातमोजे, घोट्याच्या वरपर्यंत बूट. आधी नुसतं सरळ. मग वळण. वळताना काय करायचं माहितीय? अंग आतल्या बाजूला झुकवायचं, बूड सीटवरून सरकवायचं, नाहीतर आतली चाकं वर येतात. पहिल्यांदा अंग चुकीच्या बाजूला गेलं, मी वाळूत आणि गाडी दोन चाकांवर विचार करतेय, पडू का नको. पण पडली नाही! गुणाची हो गाडी! तिला मी काही शिकवलं नाही, तिनंच मला शिकवलं. स्क्रू थोडा सैल केला. मग अजून थोडा. एक दिवस तो उंचवटा आहे ना, त्याच्यावरून उडालो! म्हणजे फार नाही, वीतभर असेल, पण चारी चाकं हवेत! खाली आलो तर माझाच मला विश्वास बसेना, आणि तुम्हाला खरं सांगतो, त्या वेळी साडूंची आठवणसुद्धा झाली नाही मला. नुसता आनंद झाला, लहान पोरासारखा.

आणि एका रविवारी सगळे जमलेले. मी निळी काढली, खाणीला गोल फेरी घातली, आठाचा आकडा काढला, उंचवट्यावरून उडालो, आणि मागे घ्यायचा गियर टाकून ऐटीत बरोब्बर हिच्या पायाशी आणून उभी केली. ही दोन पावलं पुढे आली. आणि मग... "अगंबाई! काय सुरेख वळवता हो तुम्ही!"

मिळाला! मिळाला हो मला परत! माझा अगंबाई! सगळ्यांदेखत!

आणि तिकडे साडूंचं तोंड बघण्यासारखं झालं. कारण त्यांची ती वाघीण... दुसऱ्या गियरच्या पुढे त्यांना नेताच यायची नाही! क्लच सोडला की उसळी मारायची आणि बंद पडायची. वर तिला मागे घ्यायचा गियरच नाही, शर्यतीत मागे कोण जातंय? त्यामुळे कुठे अडकली की साडू खाली उतरून ढकलायचे. मेहुणी सगळ्यांसमोर म्हणाली, "बघा, शिका जरा भाऊजींकडून." मी तो क्षण डोळे भरून बघून घेतला.

इथे थांबायला हवं होतं ना मी? कोणीही शहाणा माणूस इथे थांबला असता!

साडू माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला, आवाज एकदम खाली. "साडूभाऊ, एक विचारू? घरातलीच गोष्ट आहे... बदलायच्या का गाड्या?" अहो, सरळ नाही म्हणायचं की नाही! निळी माझ्या अंगाची, मला उडवणारी! पण समोर ती लालभडक उभी. जिच्यापायी माझी दुपारची झोप उडाली होती, ती! आणि तिचा मालक स्वतःच्या तोंडानं म्हणतोय, घ्या. जळका माणूस अशा वेळी नाही म्हणू शकतो का? माझं तोंड म्हणालं, "तुमची एवढी इच्छा आहे तर..." आणि ट्रॉली निळीला घेऊन गेलीसुद्धा.

पुढचा रविवार. मी लालवर. क्लच सोडला, उसळली, मी घाबरून पाय टेकवला, मागचं चाक माझ्याच बुटावर! आणि ओरडण्याच्या नादात अंगठा अजून जोरात दाबला! गाडी गेली आणि खाणीच्या भिंतीला नाक लावून उभी राहिली. मागे घ्यायला गियर नाही. मी एका पायावर, मागून ओढतोय, आणि शेजारून... घुर्रर्र... निळी. माझी निळी! साडू चष्मा घालून, अंग आत झुकवून, उंचवट्यावरून वीतभर हवेत! आणि मागून आमच्या हिचा आवाज: "अगंबाई! काय चालवतात!" सांगा आता, आजवर मी साडूंच्या गाडीवर जळत होतो, तेही ठीक होतं. आता मी माझ्याच गाडीवर जळतोय!

पाय सुजला, लाल अंगणात लावली. मालकीणबाईंनी फोनवर सांगितलं, बॅटरी उतरू देऊ नका, अधूनमधून नुसतं चालू करून ठेवा. म्हणून एका संध्याकाळी तिच्यावर बसलो, सुजलेला पाय वर घेऊन, गियर न टाकता, आणि अंगठा दाबला. काय आवाज तो! गल्ली हादरली. दुसऱ्या दिवशी मेहुणीचा हिला फोन, "ताई, भाऊजी काल काय सुसाट गेले गं! आमच्यापर्यंत ऐकू आलं. आमचे हे जेवण सोडून खिडकीशी उभे! म्हणतात, माझ्याकडून तिसरा गियर पडत नव्हता, आणि ह्यांनी चौथा टाकला!"

चौथा! अहो, गाडी जागची हलली नव्हती!

तेव्हापासून रोज संध्याकाळी अंगणात बसतो आणि अंगठा दाबतो. आधी हळू, मग चढता, मध्ये जरा कमी करतो, वळणाला करतात तसा. ही आतून ओरडते, "अहो, धूर येतोय घरात!" येऊ दे. आणि काल साडू आले. चेहरा उतरलेला, नजर लालवर. "साडूभाऊ, चुकलंच माझं. परत बदलायच्या का?"

निळी मिळत होती हो. उड्या, वळणं, हिचा अगंबाई, सगळं दारात चालून आलं होतं. आणि मी साडूंना काय सांगितलं? म्हटलं, "जमणार नाही." अहो, कसा हो म्हणणार? उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्यावर जळतंय!