पोटापर्यंत निळी गाय

नाही म्हणलं नं बाई, एकदा! परीक्षक-बिरीक्षक मी होत नाही यंदा. बसाचं तं बसा, त्या स्टुलावर बसा — पंख्याची हवा तिकडेच येते — पण ते पत्रक ठेवा पर्समंदी. 'शालेय विद्यार्थ्यांसाठी पर्यावरण छायाचित्र स्पर्धा.' वा! पर्यावरण! चार सालाअगोदर हा शब्द बोलता येत होता काय गांधीबागेत कोणाले? तुम्ही नवीन आल्या शाळेत, म्हणून तुम्हाले वाटते मोठी गोष्ट हाय. मी पाह्यली नं गेल्या साली. साठ फोटो आले होते. त्यातल्या चाळिसात अंबाझरी तलावावर सूर्य बुडून राहिला — एकच सूर्य, चाळीस डाव बुडाला बिचारा! बाकीचे महाराजबागेतले हरणं अन् गुलाबाचे फुलं — फुलावर पाणी शिंपडलेलं, दव म्हणून. भर दुपारी दव! अन् काढले कोणं? पोट्ट्यायनं? अहो, धरमपेठेतल्या बापायनं काढले, परदेशी कॅमेऱ्यानं, अन् मांगं पोट्ट्याचं नाव लिहलं, नववी ब. मले काय समजत नाही? बावीस सालं झाले ह्या धंद्यात.

काय म्हणता? एकही चांगला नव्हता? — होता. एक होता. गोपिकाचा. तुमच्याच शाळेतली, कोष्ट्याची पोट्टी, आता दहावीत असन. ताराचंदशेठच्या रंगाच्या कारखान्यामांगं नाला हाय — सोमवारी लाल, मंगळवारी निळा. त्या नाल्यातून पांढरीफक्क गाय चढून वर आली, अन् पोटापर्यंत निळी! जशी कोणं धरून बुचकळली. बस, एवढाच फोटो. आता तिच्यापाशी कुठचा रंगीत रोल? काळा-पांढरा फोटो, गाय खालून काळी दिसे. पण तिनं खाली पेन्सिलीनं लिहलं होतं — 'ही गाय पांढरी आहे.' चार शब्द. त्या साठ फोटोत तेवढेच खरे.

तिघं परीक्षक आम्ही. एक मोठे साहेब — नाव सोडा — एक तुमचे हेडमास्तर, अन् मी. साहेबानं तो फोटो उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. पहिल्या नंबराची ढाल कोण देऊन राहिलं होतं? ताराचंदशेठच! बाजूच्या खोलीत समोसे खात बसला होता. साहेब मले म्हणे, "जागेश्वरजी, तुम्ही जाणकार. हे असं डार्करूममध्ये करता येतं का हो?" आता ह्याले काय सांगावं? करता येते का? — येते. डार्करूममंदी सारंच करता येते. म्या म्हणलं, येते. खोटं बोललो काय? नाही बोललो. विचारलं तेवढंच सांगतलं. "मग लबाडी आहे ही," हेडमास्तर म्हणे, अन् सुटले दोघंही. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी साऱ्या शाळेसमोर उभी केली पोट्टीले, लबाड म्हणून. ढाल गेली गुलाबाच्या फुलाले.

मले कसं माहीत, लबाडी नव्हती? — अनुभव, बाई, अनुभव... अहो, मीच धुतला होता नं तो फोटो! ह्या हातानं. कॅमेराही माह्याच, जुना डब्बा. तिचा बाप चंपतराव अन् मी, उमरेडले शेजारी-शेजारी मागावर बसलो लहानपणी. पोट्टी शाळा सुटली का इथं काउंटरपाशी उभी राहे, तं दिला तिले कॅमेरा एक दिवस. ट्रेमंदी गाय उमटली तवा मीच म्हणलं होतं, "गोपिके, पहिला नंबर, लिहून घे."

असं पाहू नका माह्याकडे. तुम्हा मास्तरणींले काय, पगार येते एक तारखेले. शेठच्या घरी तीन लग्नं होते त्या मोसमात, तिन्हीचे फोटो माह्याकडे — अन् साहेबापुढं मी काय बोलणार? पोट्टी आली मंग. रडली नाही. कॅमेरा काउंटरवर ठेवला. "काका, तुम्हीच तं धुतला होता," एवढंच म्हणे, अन् गेली. चंपतराव आता दुकानासमोरून जाते तं मान खाली घालून जाते. अन् त्यानं काहून घालावी मान? त्यानं काय केलं? — सांगा नं!

म्हणून म्हणतो, तुमची स्पर्धा तुम्हाले लखलाभ. यंदा... काय? यंदाही दिला तिनं फोटो? कोणाच्या कॅमेऱ्यानं? — तुमच्या? बरं केलं. लय उपकार केले. नाही, दाखवू नका. मले पाहाचाच नाही. नाही म्हणलं नं —

आणा.

नाली हाय. हापशी. दोन बाया पाणी भरून राहिल्या, कळशा झाकून... अन् हा बनियनवाला कोण, नालीत ट्रे उलटा करून राहिला...

हे तं माह्या दुकानाचं मांगचं दार हाय.

मंग? कुठं फेकू ते औषधाचं पाणी? सारेच फोटोवाले फेकते. हापशी काय म्या बसवली तिथं? — खाली काय लिहलं तिनं? काहीच नाही? मांगं पाहा. मांगंही नाही? नाव नाही माह्यं?... उजेड चांगला धरला पोट्टीनं. पाणी पडताना धरलं, पाहा, हवेतच हाय अजून. हे मी शिकवलं नव्हतं.

आता समजलं. पत्रक नुसता बहाणा. हेडमास्तर पुन्हा म्हणून राहिला असन, पोट्टी लबाड हाय, हे बी डार्करूमचंच — अन् तुम्ही मले विचाराले आल्या. खरं नं? आणा तो पेन. शुद्ध लिहतो, भेऊ नका. 'फोटो खरा आहे. ट्रे ओतणारा माणूस मी आहे. गेल्या वर्षीची गायही खरी होती. फोटो मीच धुतला होता. जागेश्वर, फोटोग्राफर, गांधीबाग.' घ्या. वाचा हे प्रार्थनेच्या वेळी, साऱ्या शाळेसमोर. नंबर द्या नाहीतं नका देऊ, तो तुमचा तमाशा हाय.

आता निघा. चहा-बिहा काही नाही. गिऱ्हाईक येऊन राहिलं माह्यं — कुठं म्हणजे? कोणी नाही येऊन राहिलं, मालूम हाय मले. तरीबी जा.