एका दुपारचे दोन गुन्हे

आदरणीय अध्यक्ष रेव्हरंड टॉलिव्हर, आज निवृत्त होणारे आमदार मिस्टर ग्रिंडस्टाफ, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे आणि समोर बसलेल्या माझ्या डेट्रॉइटकर बंधुभगिनींनो,

आत्ता सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून दिली, "माजी गुन्हेगार मिस ओडेसा प्रुइट." आभारी आहे. ज्या कायद्यासाठी साहेबांचा आज सत्कार होतोय, त्याच कायद्याने माझे गुन्हे पुसलेत. आता मला कुणी ते विचारायचे नाहीत. माइकवरून पुकारायला बहुतेक परवानगी असावी.

असो, सांगतेच. तरुणपणी एका मित्राची गाडी चालवत होते. गाडी चोरीची निघाली, डिकीतला मालही चोरीचा. मला काही ठाऊक नव्हतं, पण ऐकतंय कोण? सरकारने दिलेला वकील घड्याळ बघत म्हणाला, "दोन्ही कबूल करून टाक. तुरुंग टळेल, जेवायला घरी असशील." या सभागृहातल्या निम्म्या लोकांनी हेच केलंय. मीही केलं, आणि खरंच जेवायला घरी होते. पण नावावर एकच गुन्हा असेल, तरच जुना कायदा तो पुसायचा. माझे एका दुपारचे दोन झाले होते.

पुढे कितीतरी वर्षांनी माझी लेक वारली. तिची छोटी झिनिया सरकारने परक्या घरी ठेवली. मी तिला मागितलं, तेव्हा बालकल्याणच्या बाई माझं घर बघायला आल्या. पीच कॉबलर दोनदा वाढून घेतलं, झिनियाचा पलंग बघितला आणि म्हणाल्या, "घर छान आहे हो, मिस ओडेसा. पण तुमच्या नावावर दोन गुन्हे आहेत ना."

मी साहेबांकडे गेले. साहेब, आठवतं का? तुम्ही म्हणालात, "विधेयक तयार आहे. तेवढी निवडणूक होऊ द्या." निवडणूक झाली. मग म्हणालात, "पुढच्या अधिवेशनात नक्की." तुम्ही माणूस वाईट नाही. तुम्हाला घाई नव्हती, एवढंच.

शेवटी कायदा झाला. कोर्टाचा कागद घेऊन मी त्या बाईंकडे धावले.

"अभिनंदन, मिस ओडेसा. आता तुम्ही पात्र आहात."

"मग द्या माझी नात."

बाई टेबलाकडे बघत म्हणाल्या, "तिला दत्तक दिलं हो. आता नाव वेगळं, गाव वेगळं. कोर्टाने फाईल सीलबंद केलीय. मलासुद्धा उघडता येत नाही."

एकाच कोर्टाने माझ्या दोन फायली बंद केल्या, एक गुन्ह्याची आणि एक नातीची. मागच्या रांगेत बसलेल्या पोरांना या कायद्याने नोकऱ्या मिळाल्या, त्याचा मला आनंद आहे. त्यांच्यासाठी टाळ्या वाजवा, मीही वाजवीन.

साहेब आत्ताच म्हणाले, निवृत्तीनंतर नातवंडांना वेळ देणार. जरूर द्या.

आपण शांतपणे ऐकलंत, आभार. बोलण्यात काही चुकलं असेल तर माफ करा. मागच्या वेळी माफ करायला तुम्हाला तीस वर्षं लागली, आणि तेवढ्या काळात माझी झिनिया दुसऱ्यांची झाली. या वेळी जरा लवकर करा.