अर्विंगमधला चढ

आल्प्सचं प्लॅनिंग चाललं होतं ना, तेव्हाची गोष्ट. सहा दिवस चालायचं, मुक्काम रोज डोंगरातल्या नव्या हटमध्ये. आता टेक्सासमधल्या सपाट अर्विंगमध्ये चढ कुठून आणणार? म्हणून मी आणि नीलेश सॅकमध्ये तांदळाची वीस पाउंडांची बॅग घालून पार्किंगचे पाच मजले चढायला लागलो.

दुसऱ्या मजल्यावर शेजारच्या काकू भेटल्या. नागपूरहून मुलाकडे आलेल्या.

“लिफ्ट बंद आहे का रे?”

“नाही काकू, प्रॅक्टिस. आल्प्समध्ये चढायचंय.”

सॅकमधून डोकावणारी बॅग बघून म्हणाल्या, “तिथे तांदूळ मिळत नाही?”

मग गेल्या वर्षीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची अख्खी हकीकत सांगत काकू आमच्यासोबत पाचव्या मजल्यापर्यंत आल्या. आम्ही धापा टाकत नुसतं हं हं करत होतो.

त्या गेल्यावर नीलेश म्हणाला, “यार, केबल कार कुठपर्यंत जाते बघ.”