‘वाचता येत नाही’ हा माझा शेरा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले अभिलेखागाराचे संचालक, ज्यांना आज आपण निरोप देतो आहोत त्या आपल्या तपासनीस बाई, आणि समोर बसलेल्या माझ्या स्वयंसेवक बंधुभगिनींनो,

बाईंबद्दल दोन गोड शब्द बोला, असं मला संयोजकांनी सांगितलंय. बाईंना गोड चालत नाही, हे त्यांच्या हाताखाली काम केलेल्या कोणालाही विचारा.

पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगतो. बोटीने इथे आलेल्या माणसांच्या जुन्या याद्या, नागरिकत्वाचे अर्ज आपण वाचून संगणकावर उतरवतो. कोणाला आपला पणजोबा शोधायचा असेल तर सापडावा म्हणून. आपण उतरवलेलं बाई ताडून पाहतात. एका वेलांटीसाठी त्यांनी मला तीनदा माघारी पाठवलंय.

तीन वर्षांपूर्वी माझ्या पुढ्यात एक अर्ज आला. अर्जदार माझेच आजोबा. आमच्या घरी सांगत, आजोबा सडाफटिंग आले आणि इथेच आजीशी लग्न केलं. अर्जात होतं: पत्नी, मायदेशी. मुलगी एक, वय तीन. कुटुंबाला आणण्याचा विचार आहे काय? नाही.

अक्षर मोत्यासारखं होतं. मी शेऱ्याच्या रकान्यात ‘वाचता येत नाही’ असं टाकलं आणि पुढचा अर्ज घेतला. वडील थकलेत, त्यांना धक्का बसेल, अशी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे चारचौघांत मलाच मान खाली घालावी लागली असती.

पाच-सहा महिन्यांनी एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं. आजोबांचं नाव, बोटीचं नाव, साल, सगळं बरोबर. त्यांनी लिहिलं होतं, आई एक्क्याण्णव वर्षांची आहे. आपल्या वडिलांची बोट इथे पोचली का, एवढंच तिला कळायचंय. त्या आठवड्यात उत्तरं लिहायचं काम माझ्याकडे होतं. नोंद आढळत नाही, असं लिहून मी सही केली आणि जेवायला गेलो. घास घशाखाली उतरला कसा, असं तुम्हाला वाटेल. उतरला.

असे शेरे मारलेले कागद बाई वर्षातून एकदा स्वतः वाचतात. त्यांनी मला बोलावून अर्ज पुढे सरकवला.

“हे तुम्हाला वाचता आलं नाही?”

मी चष्म्याचा नंबर सांगू लागलो. बाईंनी आडनावावर बोट ठेवलं. मग मी सगळं सांगितलं. त्यांनी पत्रासाठी कोरा कागद पुढे केला आणि मी दोन्ही लबाड्या कबूल करून शिक्षिकेला लिहिलं.

महिन्याभरात उत्तर आलं. आई सात आठवड्यांपूर्वीच गेली होती. ती जन्मभर म्हणायची, बोट बुडाली असणार, नाहीतर बाबांनी पत्र टाकलं असतं. शेवटी लिहिलं होतं, ‘तिला खरं सोसलं असतं की नाही, हे ठरवणारे तुम्ही कोण?’ नात्याने त्या माझ्या आतेबहीण लागतात. पत्राखाली नुसतं नाव होतं.

मग वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, “मला बहीण होती? आणि ती परवा-परवापर्यंत होती?” आजोबांबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

मी बाईंकडे जाऊन म्हणालो, उद्यापासून येत नाही.

“सोडून जायची तुमच्या घरात रीतच दिसते,” बाई म्हणाल्या आणि नवा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला.

त्याला दोन वर्षं झाली. त्या कोणाकडे चकार शब्द बोलल्या नाहीत. पण हे झाकून ठेवून आज त्यांचं कौतुक करायला माझी जीभ रेटेना.

बाई, तुमचे मनापासून आभार. अध्यक्ष महोदय, दिलेल्या वेळेपेक्षा जास्त बोललो. भाषणाच्या शेवटी चूकभूल पदरात घ्या म्हणायची पद्धत आहे. आजच्या बोलण्यातली जरूर घ्या. तो शेरा मात्र ना चूक होती, ना भूल. आणि जिने तो पदरात घ्यायचा, ती माझी आत्या आता नाही.