पाण्याची पाळी आणि कविताचा फोटो

“मले बोलाचा हक्क नाई का जी, मावशी?” दिलीप पारावर माझ्यावर ओरडून राहिला होता.

करडी गावाकडच्या आमच्या तलावाचं पाणी कोणत्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, कधी सोडायचं, ते पाणीवाटपाच्या कामावरची कविता ठरवते. दिलीपची पाळी चुकली. त्यानं गावच्या ग्रुपवर तिला झाडलं. त्याला माझं काही म्हणणं नव्हतं. पण मग त्यानं तिचा फोटो आणि नंबर टाकून लिहिलं, ‘रात्री फोन करा, खुश करते.’ भलभलत्यांचे फोन येऊ लागले. पोरगी काम सोडायला निघाली.

“मजाक होती जी!”

शेवटी त्यानं तो फोटो ग्रुपवरून काढून टाकला, ग्रुपवर माफी मागितली, ती माझ्या एका वाक्यावर. मी म्हटलं, “पाळीसाठी भांडाचं असंल तं तुह्या बाजूनं बोलीन, अन् या फोटोसाठी कवितासंग ठाण्यात जाईन; सांग, आधी काय करू?”